वीसपैकी चौदा

दुर्गाबाईला वीसपैकी सहा गुण पडले, ही बातमी ‘सायंछाया ज्येष्ठ निवासा’त चहाच्या आधी फिरली. चहा साडेसातला येतो आणि कोमट असतो. बातमी सातलाच आली आणि चांगली वाफाळती होती.

शहात्तर वर्षांत दुर्गाबाईला गुण द्यायची कोणाची छाती झाली नव्हती. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. मास्तर गुण देणार तोच बापानं तिला निंदणाला नेलं, म्हणून मास्तर वाचला. पुढं हिवरखेडात पन्नास वर्षं गुण द्यायचं काम तिनंच केलं. सुनांना दिले, जावयांना दिले, तलाठ्याला दिले, गावात दवाखाना टाकलेल्या तीन डॉक्टरांना दिले, आणि पाचाच्या वर कोणी गेलं नाही. अशा बाईला कालपरवा आलेल्या एका पोरीनं, काखेत लाल चेंडू मारून, नापास करावं?

पोरीचं नाव प्रणाली. ती समुपदेशक होती, म्हणजे दर शुक्रवारी सगळ्यांना हॉलमध्ये गोल बसवायची आणि स्पंजचा चेंडू फेकायची. ज्याच्याकडे येईल त्यानं झेलायचा, आपलं नाव सांगायचं, आवडती भाजी सांगायची, की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. अकरा महिने हे चाललं होतं. अकरा महिन्यांत माणसाचं नाव काही बदलत नाही. भाजी बदलली असती, पण निवासात रोज दुधीच असतो.

दुर्गाबाईकडे चेंडू आला की ती तो खुर्चीखाली ठेवायची आणि वरून टाच द्यायची.

“आजी, चेंडू द्या ना.”

“कायले? मी का पोट्टी हाय? नाव माहीत नसन तं रजिस्टरात पाय.”

प्रणाली तक्त्यावर काहीतरी लिहायची. तो तक्ता पुण्याहून आला होता. तिथल्या कोण्या तज्ज्ञानं अमरावतीचा एकही म्हातारा न पाहता बनवला होता. दहा गुण ‘सामाजिक संवादा’चे, दहा ‘स्वावलंबना’चे. आठाच्या खाली गेलेल्या माणसाला महिन्याची मुदत, आणि मग वरचा मजला.

वरच्या मजल्यावर घास भरवतात. चहा प्लास्टिकच्या कपात देतात. हातात एक घंटी देतात. ती वाजवली की अर्ध्या तासानं कोणीतरी येऊन ‘घंटी काऊन वाजवली’ म्हणून ओरडतं. हेही दुर्गाबाईनं सोसलं असतं. पण वरच्या खोल्यांच्या दारांना आतून कडी नाही.

खालच्यांना आहे. दुर्गाबाईच्या दाराला तर चांगली जाड लोखंडी कडी होती. सासरी चौदा माणसांच्या घरात तिनं राज्य केलं, पण स्वतःच्या नावाचं दार तिला कधी मिळालं नव्हतं. येणारा सरळ आत यायचा, बोलत बोलतच यायचा. इथं ती दुपारचं जेवून आली की कडी लावायची. आत काय करायची? काही नाही, लोळायची. पण कोणाला यायचं असेल तर ठोकावं लागायचं, आणि “कोन हाय?” असं विचारायचा मान तिचा. एवढ्या मानासाठी ती इथला दुधी खात होती.

शेजारच्या खोलीतली सुंदराबाई दिवाळीनंतर वर गेली. जाताना बाई एवढी बोलकी होती की व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तिनं जिन्यापर्यंत तीन स्थळं सुचवली. आता तिच्या तक्त्यावर ‘प्रतिसाद नाही’ असं येत होतं. दुर्गाबाईनं ते ऐकलं आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसली.

मॅनेजर नितेश हा बत्तीस वर्षांचा, सतत हसरा आणि सतत फोनवर असलेला माणूस होता. त्याला दुर्गाबाईनं पहिल्याच दिवशी तीन गुण दिले होते, त्यातला एक शर्टाला.

“आजी, टेन्शन घेऊ नका. एखादा गट उपक्रम करा. चार जणांनी मिळून काहीतरी काम करायचं, एकमेकांशी बोलायचं. मग फेरमूल्यांकन होते.”

“रोडगे करतो,” दुर्गाबाई म्हणाली.

“बिस्किटांवर क्रीम लावायचा उपक्रम लय छान होतो, आजी. मागच्या वर्षी—”

“रोडगे. गवऱ्याच्या आरात. मागच्या अंगनात. आयतवारी.”

जाड दळलेल्या कणकेचे गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, भाजले की राख झटकून तुपात बुडवायचे, संगं वरण आणि वांग्याची भाजी. वऱ्हाडात हे काम कोणी उपक्रम म्हणून करत नाही, भूक लागली म्हणून करतात. पण नितेशनं ड्रॉवर उघडला आणि अर्ज काढला.

चार जण गोळा करणं हे अर्जापेक्षा अवघड निघालं. माणिकबाई अकोल्याची. तिच्या मते जगातली प्रत्येक चांगली वस्तू अकोल्यात होते आणि मग बिघडत बिघडत अमरावतीला पोचते.

“रोडगे तुमी कराल?” ती म्हणाली. “आमच्या अकोल्याच्या उनात नुसते अंगनात ठेवले तरी भाजतात, बाई.”

“मंग तुमाले कच्चेच खायची सवय असन. ओवा टाकता का नाई?”

“ओवा? रोडग्यात? ओवा बाळंतिणीले देतात!”

“म्हनून तं तुमच्याकडे रोडगं खाल्लं का माणूस तीन दिवस आडवा!”

हे पाऊण तास चाललं. तिसरा गडी शेषराव, बडनेरा जंक्शनवर छत्तीस वर्षं गाड्यांना रूळ बदलून देणारा. तो मध्ये पडला आणि म्हणाला की बडनेऱ्याला क्वार्टरमध्ये कणकेत थोडी मक्याची भरड घालत. त्यावर दोघी बाया एक झाल्या आणि त्याच्यावर तुटून पडल्या. चौथा डोमाजी दिवसातून एकच वाक्य बोलायचा. त्या दिवसाचं वाक्य होतं, “आमच्यात बुढे लोक करत, बाया नाई.” मग तिघंही त्याच्यावर.

प्रणाली कोपऱ्यात बसून निरीक्षण करत होती. अकरा महिन्यांत त्या हॉलमध्ये एवढं बोलणं झालं नव्हतं. तिनं तक्त्यात लिहिलं: संवाद नाही, भांडण होय.

अर्जाला चौघांच्या सह्या झाल्या. मग डॉक्टरांचा दाखला लागला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि मान हलवली.

“आजी, बीपी वाढलं. रोडगे जड असतात.”

“रोडगे अजून झाले कुठी? हे तुमच्या अर्जाचं बीपी हाय.”

मग पोराची संमती. अंकुर पुण्याला अकराव्या मजल्यावर राहतो. तिथं गेल्यापासून त्याच्या बोलण्यातला ‘ले’ गळून पडला आणि ‘ला’ उगवला, हे दुर्गाबाईनं त्याला अजून माफ केलेलं नाही.

“आई, तुला रोडगे खायचेत तर मी इथून मागवून देतो की. ॲपवर मिळतात. तू कशाला त्या धुरात? आणि मी काय म्हणतो, तू इकडेच ये ना. तुझ्यासाठी खोली तयार आहे. दाराला स्मार्ट लॉक आहे, आम्ही ऑफिसातूनसुद्धा उघडू शकतो.”

“हाव का,” दुर्गाबाई म्हणाली. “मंग तुमी ऑफिसातूनच उघडा, ऑफिसातूनच लावा. सही कर आन ठेव फोन.”

संमती आली, पण ती एकटी आली नाही. नितेशनं ही गोष्ट विश्वस्त देवरावसाहेबांच्या कानावर घातली आणि साहेबांना ती आवडली. चार म्हाताऱ्यांच्या रोडग्यांचा आठ दिवसांत ‘स्वावलंबी ज्येष्ठ रोडगे महोत्सव’ झाला. प्रमुख पाहुणे साहेब. मंडप. माईक. स्वयंपाकाला केटरर, कारण नियमाप्रमाणे रहिवाशांना विस्तवापासून पंधरा फूट लांब बसवायचं होतं.

“मंग आमी काय कराचं?” माणिकबाईनं विचारलं.

“मार्गदर्शन,” नितेश म्हणाला. “खुर्चीवरून.”

स्वावलंबनाच्या महोत्सवात ज्येष्ठांनी कशालाही हात लावायचा नाही, ही अट त्यानं स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिली. शिवाय फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. दुर्गाबाईला वाचायला वेळ लागतो, पण चित्र पाहायला लागत नाही. फ्लेक्सवर मोत्यांची माळ घातलेली, पांढरे केस कापलेली, बत्तीस दात दाखवणारी कोणी गोरी बुढी कापलेल्या काकडीकडं पाहून हसत होती. खाली लिहिलं होतं: संकल्पना – श्रीमती दुर्गाबाई.

“हे कोन हाय?”

“आजी, ते इंटरनेटवरचं आहे. तुमचा फोटो हसरा नव्हता.”

दुर्गाबाईनं जन्मात काकडीकडं पाहून हसायचा विचार केला नव्हता. तिनं नितेशच्या तीन गुणांतला शर्टाचा गुणही काढून घेतला.

तरी ती थांबली होती. उरलेला संयम शुक्रवारी संपला, कारण शुक्रवारी गवऱ्या आल्या. बाहेरचं शेण आत आणणं आरोग्याच्या नियमात बसत नाही म्हणून नितेशनं त्या ऑनलाइन मागवल्या होत्या. खोकं उघडलं. आत चोवीस गवऱ्या, प्रत्येकीला वेगळा कागद, एकेक तळहाताएवढी. खोक्यावर लिहिलं होतं, कापूर व गुलाब सुगंधित, पूजेसाठी.

दुर्गाबाईनं एक उचलून नाकाला लावली आणि माणिकबाईकडं दिली. माणिकबाईनं हुंगली. मक्याच्या भरडीनंतर पहिल्यांदाच दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं.

“गाईले अत्तर लावून राहिले, माय!”

“याच्यात रोडगं भाजलं,” दुर्गाबाई म्हणाली, “तं ते खाव लागत नाई. त्याची आरती कराव लागते.”

तिथंच ठरलं. शेषरावानं कामगिरी हातात घेतली. छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस; त्यानं पाठकोऱ्या कागदावर वेळापत्रक लिहिलं. शनिवारी सकाळी नऊ चाळीसला फाटक सोडायचं, कारण ‘डोळे तपासणी’. बडनेऱ्याला जुन्या वस्तीत त्याच्या ओळखीची गवळीण. अकरा दहाला परत. तो अकरा चाळीसला आला, आणि ऑटोत दोन भरलेली पोती होती. अर्धा तास उशीर झाल्याबद्दल त्यानं दुर्गाबाईची रीतसर माफी मागितली; रेल्वेत असताना त्यानं कोणाची मागितली नसावी.

फाटकावरच्या चौकीदारानं रजिस्टर उघडलं. ‘आत येणारे सामान’ या रकान्यात गवऱ्या लिहायची सोय नव्हती. तो हिवरखेडच्या अलीकडल्या गावचा. त्यानं पोत्याला नाक लावलं, डोळे मिटले, आणि लिहिलं, ‘औषधी, देशी.’

रविवारी दहाला महोत्सव. केटरर आठलाच आला आणि मंडपात गॅसची भट्टी लावून मोकळा झाला. त्यातून निघालेलं पहिलं रोडगं डोमाजीनं हातात तोललं, टेबलावर आपटलं आणि दिवसाचं वाक्य खर्चून टाकलं.

“हे फेकून मारलं तं रानडुक्कर पडते.”

दुर्गाबाईनं पदर खोचला. मंडपातली माणसं पाहुण्यांची वाट पाहत पुढं तोंड करून बसली होती. मागच्या अंगणात काय चाललं हे पाहायला कोणाचं तोंड मागं नव्हतं. डोमाजीनं गवऱ्या रचल्या. माणिकबाईनं कणीक मळली आणि दुर्गाबाई तिच्या पाठीमागून परातीत ओवा टाकत राहिली. माणिकबाईला तो दिसत होता. ती काही बोलली नाही, कारण नजर चुकवून तिनंही मीठ हात राखून टाकलं होतं, अकोल्याच्या पद्धतीनं. शेषरावानं हातात लाल रुमाल घेऊन पहारा धरला. सत्तर रोडगे आरात गेले.

एकच गोष्ट त्या चौघांना माहीत नव्हती. धूर वर जातो हे त्यांना माहीत होतं. वर धुराची घंटी बसवली आहे हे नव्हतं.

साहेब माईकवर म्हणाले, “ज्येष्ठ हे आपले आधारवड—” आणि वरचा मजला किंचाळायला लागला. अशी कर्कश घंटी की समोरच्या रस्त्यावरची म्हैससुद्धा थांबली. नियम होता, घंटी वाजली की सगळ्यांना अंगणात आणायचं. नितेशला बाकीचं काही सुचलं नाही, पण नियम सुचला, आणि घाबरून त्यानं अग्निशमन दलालाही फोन लावला. वरचे अकरा जण, कोणी व्हीलचेअरवर, कोणी दोघांच्या खांद्यावर, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा उन्हात आले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मंडपातल्या मागं आणल्या. साहेब उभे राहिले.

लाल गाडी घणघणत आली. चार जवान नळी घेऊन मागच्या अंगणात धावले आणि थांबले. पुढचा वाकून पाहू लागला.

“साहेब, इझवू का?” मागच्यानं विचारलं.

“इझवतो काय बह्याडा?” पुढचा म्हणाला. “आर कसा पडला पाय. आजी, कुठल्या गावच्या तुमी?”

“हिवरखेड. बूट काढ पयले. राखेत पाय देऊन राहिला.”

त्यानं बूट काढले. मग चौघं जवान मांडी घालून बसले. शेजारी वरचे अकरा, खालचे चौदा, मग चौकीदार, मग केटररचीच माणसं. राख झटकून, फोडून, तुपात बुडवून रोडगे वाढले गेले. साहेबांना शेवटी गवऱ्यांच्या रिकाम्या पोत्यावर जागा मिळाली. तिसऱ्या रोडग्याला त्यांनी भाषणाचा कागद पत्रावळीखाली सरकवला.

दुर्गाबाई पंगतीत फिरत सुंदराबाईपाशी आली. सुंदराबाईच्या हातात अजून घंटी होती. ती काढून दुर्गाबाईनं रोडग्याचा कुस्करा, वरण, तूप पुढं ठेवलं आणि बसून राहिली. भरवलं नाही. सुंदराबाईनं पत्रावळीकडं पाहिलं. बऱ्याच वेळानं बोटं हलली, घास तोंडात गेला. चावला. गिळला.

“मीठ कमी हाय,” सुंदराबाई म्हणाली.

प्रणालीच्या हातातून तक्ताच पडला. सगळं अंगण पाहायला लागलं. दुर्गाबाई मात्र लालबुंद झाली.

“तीन महिने मुकी बसली, आन तोंड उघडलं ते नाव ठेवाले! माणिकबाई, मीठ कोनं टाकलं होतं?”

“ओवा कोनं टाकला होता ते सांग पयले!”

“ओवा बरा हाय,” सुंदराबाई म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

सोमवारी नितेशनं दुर्गाबाईला केबिनमध्ये बोलावलं. तो नेहमीपेक्षा जास्त हसत होता, तेव्हाच तिनं सावध व्हायला हवं होतं.

“अभिनंदन आजी! वीसपैकी वीस! सायंछायाच्या इतिहासात पहिल्यांदा!”

“हं,” दुर्गाबाई म्हणाली. वीस म्हणजे तिच्या हिशेबानं ठीक होतं.

“आता तुम्ही आमच्या निकषात बसत नाही. अठराच्या वर गेलेली व्यक्ती पूर्ण स्वावलंबी. तिला दीर्घकालीन निवासाची गरज नसते. मी अंकुरसरांना कळवलं. ते शनिवारी गाडी घेऊन येतात.”

दुर्गाबाईनं बोटांवर हिशेब मांडला. आठाच्या खाली गेलं तर वरचा मजला. अठराच्या वर गेलं तर अकरावा मजला. दोन्हीकडं कडी दुसऱ्याच्या हातात. पुण्यातल्या त्या तज्ज्ञानं माणसाला राहायला मधली तेवढी चिंचोळी पट्टी ठेवली होती: धड चालता येऊ नये आणि धड पडूही नये.

“आन कमी झाले तं?”

“कमी? शुक्रवारच्या सत्रात कमी आले तर... मग राहू शकता. पण आजी, तुमचे कसे कमी येतील?”

शुक्रवारपर्यंत खल चालला. शेषराव म्हणाला, दहा घ्या, सुरक्षित. माणिकबाई म्हणाली, आठ घ्या, काटकसर बरी. तिच्या मनात काय होतं ते तिलाच माहीत. डोमाजीनं आपलं वाक्य दोन दिवस राखून ठेवलं आणि गुरुवारी संध्याकाळी दिलं, “चौदा. दोन्हीकडून अंतर राहते.”

शुक्रवारी सगळे गोल बसले. लाल चेंडू फिरत फिरत दुर्गाबाईकडं आला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिनं हात पुढं केले, आणि चेंडू नीट बोटांमधून सोडून दिला. एक गेला. दुसऱ्यांदाही सोडला. दोन. तिसऱ्यांदा एका हातानं असा झेलला की प्रणाली दचकली.

“नाव सांगा, आजी.”

“माणिकबाई.”

“माझं नाव काऊन घेतं वो?” माणिकबाई उसळली.

“आज वार कोणता, आजी?”

“मंगळवार.”

“आवडती भाजी?”

दुर्गाबाईनं डोळे मिटले. हा घास सगळ्यांत कडू होता. शहात्तर वर्षांची इभ्रत, हिवरखेड, सगळे वांग्याचे वाफे एका बाजूला ठेवून तिनं उत्तर दिलं.

“दुधी.” हाही एक गुण गेला; इथं राहून दुधी आवडतो म्हणणारा माणूस शुद्धीवर असू शकत नाही.

“आजी, आता चष्मा पुसून दाखवा.”

“मले नाई जमत, माय. तूच पूस.”

प्रणालीनं पेन उचललं. तिनं दुर्गाबाईकडं पाहिलं, मग शनिवारी येणाऱ्या गाडीचा कागद तक्त्याला टाचला होता त्याकडं पाहिलं, आणि चष्मा पुसता पुसता हळूच म्हणाली, “आजी, सहा झाले. आता आणखी चुकू नका.”

त्या पोरीला दुर्गाबाईनं मनातल्या मनात सात गुण दिले. हिवरखेडात हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

वीसपैकी चौदा. अंकुरची गाडी पुण्याच्या नाशिक फाट्यावरूनच परत फिरवली गेली. सुंदराबाईला आठ मिळाले आणि तिला दिवाळीआधीची खोली परत द्यावी लागली. तक्त्यात एक नवी नोंदही आली: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रोडगे, पर्यवेक्षण अग्निशमन दल. ती ओळ भरायला जवान स्वतःच आले होते.

दुपारी जेवून दुर्गाबाई खोलीत आली. दार लोटलं. कडी लावली, लोखंड लोखंडावर बसल्याचा आवाज झाला. ती पलंगावर आडवी होते न होते तोच दार धडधडलं.

“दुर्गाबाई! उघडा! पुढच्या खेपेले मक्याची भरड टाकावं म्हून राहिला तो शेषराव, आन ही सुंदरा त्याच्या बाजूनं बोलून राहिली!”

दुर्गाबाईनं पाय लांब केले. पदर नीट केला. भिंतीकडं पाहत पाच आकडे मोजले, मग आणखी पाच, अकोल्याच्या खातर. कडीचा उपयोग तरी काय, कोणाला बाहेर उभं ठेवता येत नसेल तर?

“कोन हाय?” तिनं विचारलं.